महायुगाच्या सावन दिवसांची संख्या व तिची परीक्षा

ज्योतिषाच्या पोथ्या ताडून पाहतांना महायुगाच्या सावन दिवसांची संख्या तीन रूपांत हातीं येते. आर्यभटाच्या मतें (शके ४२१) ती १,५७,७९,१७,५०० आहे. वराहमिहिरानें पंचसिद्धांतिकेंत (करणारंभ शके ४२७) ज्या सूर्यसिद्धांताचा सारांश दिला, त्यावरून ती १,५७,७९,१७,८०० निघते. व सांप्रतच्या सूर्यसिद्धांतांत १,५७,७९,१७,८२८ आहे. शेवटचे तीन अंक तेवढे निराळे. यामुळें एक पाठ शुद्ध व इतर लेखकप्रमाद, असें मानण्याचा मोह संग्राहकांस होणें साहजिक आहे. परंतु या संख्यांचे गुणधर्म पाहिले असतां तो टिकत नाहीं.

प्रथम अपवर्तन घेऊं. महायुगाचीं वर्षें ४३,२०,०००. त्यांचा व पहिल्या संख्येचा दृढभाजक ७,५०० असून ५७६ वर्षांत बरोबर २,१०,३८९ दिवस होतात. दुसरीचा दृढभाजक ५,४००. म्हणजे ८०० वर्षांत २,९२,२०७ दिवस. ब्रह्मगुप्ताच्या खंडखाद्यकाचें (शके ५८७) वर्षमानही हेंच. तिसरीचा दृढभाजक मात्र अवघा ४. तेथें १०,८०,००० वर्षांवांचून पूर्ण दिवस येत नाहींत. भास्कराचार्यांच्या लीलावतींत कुट्टकापूर्वीं जें अपवर्तन सांगितलें आहे, त्यानेंच हीं तीन कुळें अशीं निराळीं पडतात.

आतां साक्षी पाहूं. महायुगांतील चांद्रमास तिन्ही मतांनीं ५,३४,३३,३३६. म्हणून तिथि १,६०,३०,००,०८०. त्यांतून क्षयतिथि वजा केल्या कीं सावन दिवस उरतात. सांप्रतच्या सूर्यसिद्धांतांत क्षयतिथि २,५०,८२,२५२ सांगितल्या आहेत. बाकी ८२८ अंतीं असलेलीच येते. पंचसिद्धांतिकेंत १,८०,००० वर्षांच्या क्षयतिथि १०,४५,०९५ आहेत. त्यांस २४ नीं गुणून वजा केल्यास ८०० अंतीं असलेली संख्या मिळते. आर्यभटाचीं भूभ्रमणें १,५८,२२,३७,५००. त्यांतून वर्षें वजा करतां ५०० अंतीं असलेली. लेखकाचा हात एके ठिकाणीं चुकेल. पण दुसऱ्या ठिकाणची संख्याही तितक्याच अंतरानें चुकेल, हें संभवत नाहीं.

दोन लहान कसोट्याही उपयोगी पडतात. नवांनीं भागिल्यास तिन्हींची बाकी अनुक्रमें ६, ० व १ उरते. सातांनीं भागिल्यास ५, ४ व ४. वसु, द्वि, अद्रि अशा शब्दांनीं लिहिलेल्या संख्येंत दोन शब्दांची उलटापालट होऊन ८२८ चे ८८२ झाले, तर नवांची बाकी बदलत नाहीं. सातांची ४ ची २ होते व चूक उघडकीस येते. उलट ८०० व ८२८ यांत अंतर २८, म्हणून तेथें सातांची कसोटी मुकी व नवांचीच बोलकी. यास्तव एकाच कसोटीवर विसंबूं नये.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं १८९६ सालीं भारतीय ज्योतिःशास्त्रांत प्राचीन व वर्तमान सूर्यसिद्धांत वेगळे मानले, तो भेद या संख्यांच्या साक्षीनेंही दृढ होतो. यास्तव आमची संग्राहकांस विनंति एवढीच कीं, पोथींतील संख्या आहे तशी उतरून घ्यावी, तिची परीक्षा समासांत लिहावी. परंतु ८०० चे ८२८ करून पोथी "शुद्ध" करूं नये. तसें केल्यास शुद्धीच्या नांवाखालीं एक संपूर्ण सिद्धांत पुसला जाईल.