गंजमाळला ट्रॅम मुक्कामाला असायची

कुणी गंजमाळ विचारलं की मी शालिमारकडून हात दाखवून मोकळा व्हायचो. तिथे एकेकाळी रोज रात्री ट्रॅम मुक्कामाला यायची, हे मला पंचविशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. ट्रॅम म्हणजे मुंबई, नाहीतर कोलकाता, एवढंच डोक्यात.

नाशिकची ट्रॅम 1889 सालची. रेल्वे गावाला वळसा घालून गेलेली. स्टेशनवर उतरलेल्या यात्रेकरूला गोदाघाट गाठायचा तर आठ-दहा किलोमीटरचा रस्ता, तोही दाट झाडीतला. म्हणून मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले. दोन डबे, ओढायला चार घोडे. सल्लागार अभियंता होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे गाजला तोच. म्हणजे बार्शीच्या आधी त्याचा हात आपल्या रुळांवर बसला! (बार्शीकरांनी राग मानू नये.) नंतर घोड्यांच्या जागी पेट्रोलचं इंजिनही आलं.

मग दुष्काळ आणि प्लेग. प्रवासी तुटले, तोटा साचत गेला आणि 1931 ते 1933 च्या दरम्यान ट्रॅम थांबली. ती कुणी मुद्दाम बंद पाडली नाही, हे मला जास्त टोचतं. नुसते डबे रिकामे धावत राहिले तरी पुरतं.

2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी 2,092 कोटी जाहीर झाले, तेव्हा आमच्या ग्रुपवर दिवसभर अभिनंदन चाललं होतं. त्याच वर्षी जुलैत महापालिकेची सिटीलिंक सुरू झाली. त्याआधी शहरातल्या बस एसटी चालवायची. या वेळी ग्रुपवर शुकशुकाट. बसचं कौतुक कोण करणार? आपल्याकडे सायकलवाल्यांनी मात्र युक्ती केली. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पायी जाते. नाशिक सायकलिस्ट्सनी पंढरपूरची सायकलवारी काढली. सायकल चालवा म्हणून सांगत बसण्यापेक्षा वारीला नेलं, की माणूस आपसूक सराव करतो.

मी काही वारीला गेलेलो नाही. पण द्वारकेच्या सिग्नलला स्कूटरवर धूर खाऊन वैतागलो आणि नाशिकरोडला जायला बस धरायला लागलो. ट्रॅमची गोष्ट कळल्यापासून चढलो की आधी डोकी मोजतो. परवा दुपारी शालिमारहून निघताना मला धरून सात होती. उपनगरला कॉलेजची पोरं चढली, मग मोजणं सोडून मी एका आजींना उठून जागा दिली.