इंधन पंप स्विच (स्वनिर्मित विमान)
इंधन पंप स्विच हा विमानातील विद्युत इंधन पंप चालू-बंद करणारा स्विच होय. स्वनिर्मित विमानात त्याची जोडणी बांधणाऱ्यालाच आखावी लागते. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलेले, २०१७ मध्ये नोंदणी झालेले सहा आसनी विमान हे अशा विमानाचे भारतातील उदाहरण आहे.

कार्ब्युरेटर असलेल्या, खालच्या पंखांच्या विमानात मुख्य पंप सामान्यतः इंजिनच फिरवते. विद्युत पंप राखीव असतो व उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी चालू ठेवतात. इलेक्ट्रॉनिक इंधन प्रणालीत मात्र बहुधा दोन्ही पंप विद्युत असतात. वीज खंडित झाल्यास इंजिन बंद पडते. म्हणून प्रत्येक पंपाला स्वतंत्र वीजपुरवठा, फ्यूज व स्विच देतात, जेणेकरून एका बिघाडाने दोन्ही पंप थांबू नयेत.