रात्रपाळीतील निद्राविकार

रात्री काम आणि दिवसा झोप या उलट्या दिनक्रमामुळे जडणारा निद्रानाश व कामावर असताना येणारी गुंगी. उदाहरणार्थ, परभणी जिल्ह्यातील मानवत ही कापसाची जुनी बाजारपेठ. तिथे हंगामात जिनिंग कारखान्यांत रात्रपाळी चालते, आणि जिथे कृषिपंपांना आळीपाळीने रात्रीची वीज मिळते तिथे पाणी द्यायला शेतकरीही जागतो. मेंदूतील जैविक घड्याळाची वेळ प्रकाशानुसार जुळते. रात्री अंधारात मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक स्रवते, उजेडात ते दबते. म्हणून घरी परतताना डोळ्यांवर ऊन न घेणे, अंधाऱ्या खोलीत ठरावीक वेळी झोपणे, पाळीआधी डुलकी काढणे आणि उत्तररात्री चहा टाळणे हे उपाय झोपेच्या गोळ्यांहून श्रेयस्कर. पत्र्याच्या तापल्या घरात ते कठीण जातात. घरच्यांनी ही दिवसाची झोप राखलीच पाहिजे. तक्रार महिनाभर टिकल्यास डॉक्टरांना दाखवावे.