आरसिंकचे आजोळ

१९ जून १९९६ रोजी ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी 'आरसिंक' नावाचा प्रोग्राम जाहीर केला, तेव्हा 'आरसीपी'ची जागा घेणारा प्रोग्राम अशीच त्याची ओळख करून दिली. आरसीपी म्हणजे बर्कलीच्या युनिक्समधली, एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर उतरवून देणारी साधी आज्ञा. ही ओळख इतकी रुळली, की बॅकअप सांभाळणारी मंडळी आजही आरसिंकला त्याच घराण्यात बसवतात. आधी सगळी फाइल पाठवणारे प्रोग्राम होते, मग फक्त बदललेला भाग पाठवणारा एक हुशार वारस जन्मला, अशी ही वंशावळ. ती अर्धीच आहे. नाव आणि काम आरसिंकला कॉपी करणाऱ्या घराण्याकडून मिळाले. पण ज्या युक्तीवर तो उभा आहे ती त्याने आजोळाहून आणली, आणि हे आजोळ म्हणजे मजकुरात मजकूर शोधणाऱ्यांचे घर. तिकडे पाहिले नाही, तर तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे नुसता वेळ खातो, यातले काहीच नीट समजत नाही.

'फक्त फरक पाठवा' हा विचार १९९६ मध्ये मुळीच नवा नव्हता. बेल लॅब्जमधले 'डिफ' १९७०च्या दशकातले. डिफने काढलेला फरक जुन्या फाइलवर चढवणारे लॅरी वॉल यांचे 'पॅच' १९८५चे. पण डिफला दोन्ही फाइली एकाच यंत्रावर लागतात. बॅकअपची अडचण नेमकी तीच आहे: नवी प्रत इथे, जुनी तिथे. फरक काढण्यासाठी जुनी प्रत मागवायची, तर जेवढा माल वाचवायचा होता तेवढाच उलट दिशेने वाहून आणावा लागतो. जुन्या प्रतीची आणखी एक प्रत इथेच ठेवली, तर डिस्क दुप्पट लागते, आणि तिथली प्रत अजून हुबेहूब तशीच आहे हे गृहीत धरावे लागते. फाइल दाबून लहान केली तरी लाभ साधारण दोन ते चार पटींचा. ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतून जून १९९६ मध्येच काढलेल्या अहवालात प्रश्न मांडला तो एवढाच: टेलिफोनच्या तारेवरून चालणारी संथ जोडणी, तिच्या दोन टोकांना एकमेकींसारख्या दोन फाइली, आणि त्या समोरासमोर न आणता फरक काढायचा आहे.

पहिले सुचणारे उत्तर असे. दोन्ही फाइलींचे सारख्या लांबीचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याची बेरीज (चेकसम) काढा, बेरजा ताडून पाहा आणि न जुळणारे तुकडे पाठवा. जागच्या जागी बदल झाला असेल तर हे चालते. पण फाइलीच्या सुरुवातीला एकच बाइट घुसला, की पुढचा प्रत्येक तुकडा एक घर सरकतो आणि एकही बेरीज जुळत नाही. ट्रिजेल यांनी इथे तुकड्यांचा नियम फक्त एका बाजूला लावला. जुनी प्रत ज्याच्याकडे आहे तो आपल्या तुकड्यांच्या बेरजा आधी पाठवतो. नवी प्रत ज्याच्याकडे आहे तो तुकडे पाडतच नाही. तो आपल्या फाइलीत पहिल्या बाइटपासून, दुसऱ्यापासून, तिसऱ्यापासून, असे प्रत्येक ठिकाणी 'इथून सुरू होणारा तुकडा त्या यादीत आहे का?' असे विचारत जातो. म्हणजे कॉपी करण्याचा प्रश्न इथे शोधण्याचा प्रश्न झाला. आणि शोध म्हटला की खर्च आला: दर बाइटला, समजा, सातशे बाइटांच्या तुकड्याची नवी बेरीज करत बसले, तर संथ तारेवरून सगळी फाइल पाठवणेच परवडेल.

हा खर्च कसा टाळायचा, हे शोधणाऱ्यांना ठाऊक होते. रिचर्ड कार्प आणि मायकेल राबिन यांनी १९८७ मध्ये लांबलचक मजकुरात शब्द शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. खिडकी एक अक्षर पुढे सरकली, की मागे सुटलेल्या अक्षराचा वाटा वजा करायचा, नव्याचा मिळवायचा. बेरीज पहिल्यापासून करावी लागत नाही. आरसिंकची ३२ बिटांची कच्ची बेरीज अशीच सरकते. यावर कुणी म्हणेल, की अहवाल श्रेय देतो मार्क अ‍ॅडलर यांच्या 'अ‍ॅडलर-३२' बेरजेला, मग आजोळ तेच नव्हे का? बेरजेचा घाट तिथलाच, हे खरे. पण अ‍ॅडलर-३२ झेडलिब या फाइली दाबणाऱ्या लायब्ररीमध्ये राबते ते उलगडलेला माल शाबूत आहे की नाही हे पाहण्यापुरते. तिथे खिडकी सरकतच नाही. आरसिंकने तिला ज्या कामाला जुंपले, ते काम कार्प-राबिन यांच्या घरचे. हा शोध किती कामाचा, याचा पुरावा अहवालातल्या चाचणीतच आहे. लिनक्स कर्नलच्या दोन जवळच्या आवृत्त्यांच्या सुमारे २४ एमबीच्या टार फाइली घेतल्या. ७०० बाइटांचे तुकडे धरल्यावर दोन्ही दिशांनी मिळून गेले सुमारे २१ लाख बाइट. दोन्ही फाइली समोर ठेवून डिफने काढलेला फरकही २.१ एमबीच भरला होता.

बेरजांवर भिस्त ठेवणारा बॅकअप म्हणजे जुगार, हा जुना आक्षेप. दोन वेगळ्या तुकड्यांची बेरीज योगायोगाने एक आली तर? म्हणूनच कच्ची बेरीज केवळ चाळणी आहे. ती जुळली तरच त्या तुकड्याची महाग, पक्की बेरीज काढली जाते, आणि शेवटी तयार झालेल्या अख्ख्या फाइलीची बेरीज ताडून चूक निघाली, तर पुन्हा सगळे केले जाते. आक्षेपाचा वजनदार भाग वेगळा आहे: पक्क्या बेरजेसाठी निवडलेली एमडी४ मुद्दाम फसवता येते हे त्याच सुमारास उघड झाले होते, आणि एमडी५ यायला २००८ची ३.० आवृत्ती उजाडावी लागली. हा उशीर मला समर्थनीय वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक रोखठोक. आता तारा संथ राहिल्या नाहीत, मग एवढी शोधाशोध कशाला? खुद्द प्रोग्रामच हे अर्धे मान्य करतो: एकाच यंत्रावर कॉपी करताना तो शोध आपोआप बंद ठेवतो आणि फाइल सरळ उतरवतो. शोध म्हणजे वाचन. १० जीबीची फाइल दोन्ही टोकांना पूर्ण वाचावीच लागते, आणि नेटवर्क डिस्कपेक्षा वेगवान असेल तर त्यात तोटाच. पण पारडे दुसरीकडेही झुकते. मोठ्या फाइलीत तुकड्याची लांबी साधारण फाइलीच्या लांबीच्या वर्गमुळाएवढी धरतात. १० जीबीला सुमारे १ लाख बाइटांचे १ लाख तुकडे. तुकड्यामागे जास्तीत जास्त २० बाइट धरले, तरी त्या अवाढव्य फाइलीचे वर्णन २० लाख बाइटांत मावते. घरच्या इंटरनेटवरून व्हर्च्युअल मशीनची डिस्क दूरवर पाठवणाऱ्याला हा हिशेब आजही परवडतो. फाइल आधीच दाबलेली किंवा कूटबद्ध असेल तर मात्र शोधायला काही उरत नाही. एका बाइटचा बदल पुढचे सगळे बदलून टाकतो.

झेडएफएससारखी फाइलप्रणाली कोणते ब्लॉक बदलले हे स्वतःच जाणते, तिला काही शोधावे लागत नाही. मग आरसिंक कालबाह्यच नाही का? जिथे दोन्ही टोकांना तीच प्रणाली आणि तोच जुना स्नॅपशॉट आहे, तिथे होय, आणि तिथे तीच वापरावी. पण इतरत्र नाही. आरसिंक दोन फेऱ्यांमध्ये काहीही लक्षात ठेवत नाही. त्यामुळे पहिली प्रत हार्ड डिस्कवर भरून कुरिअरने पाठवली, तरी दुसऱ्या दिवसापासून तो तिच्यावर काम करू शकतो. ती तिथे कशी पोहोचली, याची त्याला पर्वा नसते.

पुढची पिढी कोणावर गेली, यावरूनही घराणे ओळखता येते. २००१ मध्ये एमआयटीच्या एलबीएफएस या संशोधनाने तुकड्यांच्या सीमाच राबिन यांच्या सरकत्या ठशावरून ठरवल्या, म्हणजे बाइट घुसला तरी सीमा मजकुराबरोबर सरकतात. आजच्या बॅकअप प्रोग्रामांपैकी रेस्टिक तोच ठसा वापरतो, आणि बोर्ग वापरतो तो त्या ठशाचाच भाऊबंद. झेडसिंकने तर भूमिकाच उलटवल्या: सर्व्हर बेरजांची यादी एकदाच काढून ठेवतो, आणि शोधण्याचे सगळे कष्ट फाइल उतरवून घेणाऱ्याच्या यंत्रावर पडतात.