चंद्र नक्की कुठं होता?

मध्यंतरी मामांनी मला एक फोटो फॉरवर्ड केला. काळ्याभोर दगडी छतात एक गोल झरोका, आणि त्या गोलाच्या बरोब्बर मध्यभागी पूर्ण चंद्र. खाली नेहमीचा मजकूर: आपल्या पूर्वजांचं विज्ञान बघा, वर्षातून फक्त एकाच रात्री चंद्र असा मध्यावर येतो, पुढच्या दहा जणांना पाठवा वगैरे वगैरे.

गंमत म्हणजे तो फोटो मीच काढला होता. २०२३ च्या त्रिपुरी पौर्णिमेला, खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात. फिरत फिरत, नाव-गाव गमावून तो माझ्याच घरी परत आला होता. आधी मस्त वाटलं. मग थोडं अस्वस्थ वाटायला लागलं, कारण तो चंद्र मध्यभागी कसा आला हे फक्त मला आणि तिथल्या एका आजोबांना माहीत होतं. आज तेच सांगतो, पण जरा लांबून, रंकाळ्यावरून.

चांदण्यातले फोटो काढायला मी शिकलो रंकाळ्यावर. नवीन कॅमेरा, पौर्णिमेची संध्याकाळ, चौपाटीवर भेळ खाऊन झालेली. ट्रायपॉड लावला, तीस सेकंद शटर उघडं ठेवलं आणि पलीकडच्या शालिनी पॅलेसचा फोटो घेतला. स्क्रीनवर बघतो तर काय, चक्क दिवस! निळं आकाश, हिरवी झाडं. मित्र म्हणाला, "भावा, हे दुपारी येऊन काढलं असतंस तरी चाललं असतं की."

त्याचं बरोबर होतं. पौर्णिमेचा प्रकाश सूर्यप्रकाशाच्या साधारण चार लाखांश असतो, पण तो असतो सूर्याचाच. कॅमेऱ्याला पुरेसा वेळ दिला की तो फरक भरून निघतो. चौपाटी तळ्याच्या पूर्वेला, पॅलेस पश्चिमेला. म्हणजे उगवता चंद्र माझ्या पाठीशी होता आणि समोरच्या सगळ्यावर सपाट, बिनसावलीचा उजेड पडत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्याच जागी गेलो. आता चंद्र पश्चिमेला, मावळायला आलेला, पॅलेसच्या बाजूला. पाण्यावर चंदेरी पट्टा, झाडं आणि इमारती नुसत्या काळ्या आकृत्या. जागा तीच, कॅमेरा तोच. पण आता फोटो "रात्र" म्हणत होता.

रात्र कमी उजेडातून येत नाही, ती आपण कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत यातून येते. सिनेमावाल्यांना हे फार पूर्वीच कळलं होतं. मूकपटांच्या काळात फिल्म इतकी मंद असायची की खऱ्या चांदण्यात काही उमटायचंच नाही. मग रात्रीचा प्रसंग भर दिवसा, सूर्य समोर ठेवून, कमी एक्स्पोजरवर घ्यायचा आणि प्रिंट निळ्या रंगात बुडवायची. सूर्याचाच चंद्र करायचा!

आपल्या कोल्हापूरचा यात मोठा वाटा आहे. स्वतःचा कॅमेरा कोल्हापुरातच तयार करणारे बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२३ मध्ये 'सिंहगड' काढला. गोष्ट हरी नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला'ची, म्हणजे सगळा मामला रात्रीचा. त्यासाठी त्यांनी कृत्रिम दिवे वापरले, आणि भारतात असे दिवे वापरण्याचा मान बहुतेक ठिकाणी याच चित्रपटाला दिला जातो.

इथं माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. त्या रात्री चंद्र नक्की कुठं होता? तिथी प्रसिद्ध आहे: माघ वद्य नवमी, ४ फेब्रुवारी १६७०. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटून गेल्यावर उगवतो. मी गणित करून पाहिलं, साधारण एक-दीड वाजता येतो. आणि उगवतो अर्थातच पूर्वेला. तानाजी ज्या कड्यावरून चढला असं सांगतात तो गडाच्या पश्चिमेला. म्हणजे चंद्र उगवला तरी मध्ये अख्खा सिंहगड उभा! तो कडा पहाटेपर्यंत गडाच्याच सावलीत राहणार. कॅलेंडरवरच्या चित्रांत तानाजीच्या अंगावर जो लख्ख चांदण्याचा झोत पडलेला असतो तो त्या कड्यावर, त्या तिथीला, पडणं शक्यच नाही. चित्रकाराला दोष नाही, त्याला माणूस दिसायला हवा होता. पण मला तो अंधारातला कडा जास्त थरारक वाटतो.

हाच हिशोब उलटाही करता येतो. अॅन्सल अॅडम्सचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय जगातल्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंपैकी एक आहे. तो कधी काढला हे खुद्द अॅडम्सलाच नीट आठवत नव्हतं, वेगवेगळ्या ठिकाणी त्यानं वेगवेगळी सालं दिली. शेवटी खगोलाच्या अभ्यासकांनी चंद्राची जागा आणि डोंगरांची दिशा मोजून १९९१ मध्ये उत्तर काढलं: १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं. हो, दुपारी! स्मशानातले चमकणारे क्रूस चांदण्यानं उजळलेले नाहीत, अॅडम्सच्या पाठीमागे मावळत असलेल्या सूर्यानं उजळलेले आहेत. आणि ते काळंकुट्ट आकाश त्यानं डार्करूममध्ये प्रिंटमागून प्रिंट गडद करत नेलेलं आहे.

असो. खिद्रापूर.

कोल्हापूरपासून साठेक किलोमीटरवर, शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी हे मंदिर आहे. बांधकाम मुख्यतः शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पुढे सिंघण यादवानं शिलाहारांचं राज्य जिंकलं, त्याचा शके ११३६ चा शिलालेख तिथं आहे. मंदिराच्या पुढच्या भागात स्वर्गमंडप. अठ्ठेचाळीस खांब, आणि छताच्या मध्यभागी सुमारे तेरा फूट व्यासाची उघडी गोल जागा. तिच्या बरोबर खाली तेवढीच गोल अखंड शिळा. त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमाराला चंद्र त्या गोलावर येतो आणि चांदणं शिळेवर उतरतं. हे बघायला माणसं गर्दी करतात, पणत्या लावतात. एकदा तरी जाच, असं मी कुणालाही सांगेन.

संरक्षित स्मारकात ट्रायपॉडला परवानगी लागते, त्यामुळे मी जॅकेटची घडी करून कॅमेरा शिळेच्या मधोमध ठेवला, भिंग वर करून. पावणेबाराच्या आसपास चंद्र सर्वांत वर आला. पण गोलाच्या मध्यावर येईना! उत्तरेकडे सरकलेला दिसत होता. मी वाट बघत बसलो. तेव्हा खांबाला टेकलेले एक आजोबा म्हणाले, "पोरा, तिथं नको. हिकडं सरक जरा." मी कॅमेरा दक्षिणेकडे दीडेक फूट सरकवला. चंद्र मध्यभागी. क्लिक. तोच तो मामांचा फोटो.

घरी येऊन गणित मांडलं. खिद्रापूरचं अक्षांश साधारण १६.६ अंश उत्तर. चंद्र डोक्यावर यायचा तर त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, तेवढीच हवी. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो, त्यामुळे नोव्हेंबरातला पूर्ण चंद्र जवळपास तिथं असतो जिथं मे महिन्यात सूर्य असतो. आणि मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी सूर्य थेट डोक्यावर. मंदिरात चंद्र का वर येतो याचं उत्तर एवढंच आहे. या अक्षांशावरच्या कुठल्याही छताला भोक पाडा, कार्तिकात चंद्र त्यावर येणार. तुमच्या चाळीच्या जिन्यावरच्या झरोक्यातसुद्धा.

आता ते "फक्त एकाच रात्री". सूर्य फेब्रुवारीच्या सुरुवातीलाही नोव्हेंबरच्या सुरुवातीइतकाच दक्षिणेला असतो, म्हणजे माघातल्या पौर्णिमेचा चंद्रही डोक्याजवळून जातो. शिवाय चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाशी पाच अंशांनी कललेला आहे आणि तो कल १८.६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. त्यात अधिक महिन्यामुळे त्रिपुरी पौर्णिमा कधी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तर कधी महिनाअखेरीस. माझ्या हिशोबानं २०१५ च्या त्रिपुरीला चंद्र खमध्यापासून जेमतेम अंशभर दूर होता. २०२३ ला, म्हणजे माझ्या फोटोच्या रात्री, साडेपाच अंशांहून जास्त! साडेपाच अंश म्हणजे छताच्या दर दहा फूट उंचीमागे खाली जवळजवळ फूटभर सरक. आजोबांनी मला हलवलं ते नेमकं तेवढंच. आणि त्याच वर्षी ५ फेब्रुवारीच्या माघी पौर्णिमेला चंद्र खमध्यापासून चारच अंशांवर होता. त्रिपुरीपेक्षा जवळ! त्या रात्री तिथं किती लोक होते देव जाणे.

मग तो गोल चंद्रासाठी केला होता का? काही जण म्हणतात मंडपात यज्ञ व्हायचे, धूर जाण्यासाठी छत उघडं ठेवलं. मला हे जास्त पटतं, पण तेही सिद्ध झालेलं नाही. शिलालेखात देवाला दिलेल्या दानाची नोंद आहे, चंद्राची नाही. मला राहून राहून वाटतं ते असं की एखाद्या शिलाहारकालीन पुजाऱ्यानं कार्तिकातल्या रात्री सहज वर पाहिलं असेल, आणि पुढच्या वर्षी चार लोकांना घेऊन आला असेल. हीही माझी कल्पनाच म्हणा. त्या कारागिरांनी कठीण दगडातून तेरा फुटांचं वर्तुळ वर आणि तसंच खाली जुळवलं, ते डोळ्यांसमोर आहे. त्या कौतुकाला वर आणखी ठिगळ जोडायची मला गरज दिसत नाही.

पण पुरावा म्हणून फिरत होता माझाच फोटो. बघणाऱ्याला वाटणार, कॅमेरा शिळेच्या मध्यावर होता. तो नव्हता. शिळा चौकटीत येऊच दिली नव्हती मी, नुसता गोल आणि चंद्र. ती दीड फुटाची सरक कुणाला कळणार?

म्हणून २०२५ च्या ५ नोव्हेंबरला परत गेलो. यावेळी कॅमेरा मंडपाच्या कडेला ठेवला, पूर्वेकडे तोंड करून. चौकटीत खांब, वरच्या गोलाची कडा आणि खाली शिळा. चांदण्याचा गोल शिळेवरून दक्षिणेकडे घसरलेला स्पष्ट दिसतो, उत्तरेला अंधाराची एक चंद्रकोरच उरलेली. माणसांच्या सावल्या मध्ये आल्यात, कोपऱ्यात एकाचं मोबाईलचं तोंड चमकतंय. मला हा फोटो फार आवडला.

मामांना पाठवला, सगळा हिशोब लिहून. दोन दिवसांनी उत्तर आलं: "छान आहे. पण चंद्र कुठाय? आधीचा चांगला होता." :-)