परकीय न्यायालयाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी

परकीय न्यायालयाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी म्हणजे भारताबाहेरील दिवाणी न्यायालयाचा निकाल भारतीय न्यायालयामार्फत अमलात आणणे. यासंबंधीच्या मुख्य तरतुदी दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम १३, १४ व ४४अ यांत आहेत. भारतातील एका न्यायालयाचा हुकूमनामा दुसरीकडे बजावणे तुलनेने सोपे असते. पुण्याचा हुकूमनामा कलम ३९ नुसार कल्याणच्या न्यायालयाकडे वर्ग होतो व तेथे दरखास्त चालते. परकीय निकालाला मात्र आधी येथील न्यायालयाची मान्यता मिळवावी लागते.

== इतिहास ==
‘परकीय’ न्यायालय पूर्वी सातासमुद्रापलीकडेच असे असे नाही. जव्हार हे १९४८ पर्यंत ठाणे जिल्ह्याला लागून असलेले संस्थान होते आणि संस्थानी न्यायालये ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायद्याने परकीय मानली जात. या स्थितीचे पडसाद विलीनीकरणानंतरही उमटले. ग्वाल्हेरचे सरदार मालोजी नरसिंगराव शितोळे यांनी १९४७ मध्ये तेथील न्यायालयात पैशाचा दावा लावला. १९४८ मध्ये त्यांना एकतर्फी हुकूमनामा मिळाला व पुढे तो वसुलीसाठी अलाहाबादला पाठवण्यात आला. प्रतिवादी ग्वाल्हेरचे रहिवासी नव्हते आणि त्यांनी त्या न्यायालयाचा अधिकारही मान्य केला नव्हता. त्यामुळे १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हुकूमनामा ग्वाल्हेरबाहेर निरर्थक ठरवला. दोन्ही शहरे तोवर एकाच देशात आली असली, तरी जन्मतः असलेला दोष त्यामुळे नाहीसा झाला नाही.

== अंमलबजावणीचे मार्ग ==
निकाल कोणत्या देशाचा आहे, यावर मार्ग ठरतो. केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे ‘व्यतिकारी’ म्हणजे परस्पर मान्यतेचे ठरवलेल्या प्रदेशातील वरिष्ठ न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा कलम ४४अ खाली थेट जिल्हा न्यायालयात दाखल करता येतो. हे कलम १९३७ मध्ये घालण्यात आले. ब्रिटन, सिंगापूर, न्यूझीलंड हे असे देश आहेत. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने संयुक्त अरब अमिरातीची त्यात भर पडली. आखाती देशांत नोकरी-व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. दुबईतील दाव्यात हरलेल्या व्यक्तीची डोंबिवलीत सदनिका असल्यास निकालाची प्रमाणित प्रत व किती रक्कम फिटली याचा दाखला ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जोडून दरखास्त करता येते. पुढे जप्ती व लिलाव येथील नियमांनीच होतो. कर, दंड व लवादाचे निवाडे या कलमात येत नाहीत.

अमेरिकेशी अशी व्यवस्था नाही. तेथील पैशाच्या निकालाच्या आधारे येथे तीन वर्षांच्या आत नवा दावा लावावा लागतो.

== अपवाद ==
दोन्ही मार्गांवर कलम १३ ची चाळणी लागतेच. न्यायालयास अधिकार नसणे, गुणदोषांवर निर्णय न होणे, प्रथमदर्शनीच आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी चुकीची धारणा असणे किंवा लागू असलेला भारतीय कायदा नाकारणे, नैसर्गिक न्यायाचा भंग, फसवणूक आणि भारतीय कायदा मोडणाऱ्या मागणीवर आधारलेला निकाल हे सहा अपवाद आहेत. व्यवहारात बहुतेक वाद एकतर्फी निकालांभोवती फिरतो. प्रतिवादी गैरहजर होता एवढ्यानेच निकाल बाद होत नाही. पुरावा न पाहताच तो दिला असेल तर होतो.

घटस्फोटात हाच प्रश्न अधिक टोकदार होतो. पतीने परदेशात जाऊन मिळवलेला घटस्फोट भारतात राहिलेल्या पत्नीवर बंधनकारक आहे का? अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या न्यायालयाचा असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये अमान्य केला. ज्या कायद्याखाली विवाह झाला, त्यालाच धरून न्यायालयाचा अधिकार व घटस्फोटाचे कारण असले पाहिजे, असा नियम त्यात घालून दिला. दुसऱ्या पक्षाने स्वेच्छेने त्या न्यायालयापुढे हजर होऊन दावा लढवला असेल किंवा घटस्फोटास संमती दिली असेल, तर हा नियम शिथिल होतो. म्हणून परदेशातून आलेल्या समन्सला उत्तर द्यावे की न द्यावे, हा निर्णय किरकोळ नसतो.

== मुदत ==
भारतीय हुकूमनाम्याला साधारणतः १२ वर्षांची मुदत असते. परकीय हुकूमनाम्याला ती आपोआप मिळत नाही. लंडनमधील १९९५ च्या निकालासाठी बँक ऑफ बडोदाने २००९ मध्ये बंगळुरूत दरखास्त केली होती. इंग्लंडच्या कायद्यातील सहा वर्षांची मुदत तोवर संपलेली असल्याने २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरवली.