भिंत आणि चौकट

इ. स. १८६७ ते १८७३ या काळात भंडारा, मंडला व शिवनी जिल्ह्यांचे भाग जोडून आपला बालाघाट जिल्हा घडला. भंडाऱ्याच्या भागाबरोबर आपली मराठी आली. मंडल्याच्या भागाबरोबर गोंडांचा शेजार लाभला. मंडला-डिंडोरीकडच्या गोंड स्त्रिया सणावारी पांढरी छुई माती व गेरू कालवून अंगणात, भिंतीवर ‘डिगना’ रेखीत आल्या आहेत. आपल्या सडा-रांगोळीची ती बहीणच!

पाटणगढच्या अशाच भिंतींवर जनगढसिंह श्याम यांचा हात बसला. १९८१ च्या सुमारास जे. स्वामीनाथन यांनी त्यांना भोपाळच्या भारत भवनात आणले. पुढे चार्ल्स कोरियांनी रचलेल्या विधान भवनातही जनगढांनी भित्तिचित्रे काढली. २०२३ साली मध्य प्रदेशच्या गोंड चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले.

आज ही चित्रे आपल्या बैठकीच्या खोलीत चौकटीत झळकतात. ती जरूर घ्यावीत. कलावंताच्या घरची चूल पेटते. परंतु भिंतीवरचे चित्र सणासणाला पुसून नव्याने काढावे लागे, म्हणून लेकीबाळींचा हात तयार होई. चौकटीतले चित्र टिकते, हात मात्र विसरतो. तेव्हा यंदा दिवाळीला घरातली एक भिंत मुलामुलींच्या हाती द्यावी. बिघडली तर पुढच्या वर्षी पुन्हा सारवता येईल.